वाऱ्यावर सोडलं आणि कानात वारं शिरलं : सासूबाई नेमकं काय म्हणाल्या?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बंगळुरूत वाढलात, मराठी घरापुरतं आणि फोनवर मावशीशी बोलण्यापुरतं. कोल्हापूरहून सासूबाई राहायला आल्या. मुलगा सहा वर्षांचा, तुम्ही त्याला फारसं टोकत नाही. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पोराला अगदी वाऱ्यावर सोडलंयस गं." तुम्हाला वाटलं, मोकळ्या हवेत वाढवतेय म्हणून कौतुक चाललंय. तुम्ही हसून "हो ना आई, मुद्दामच" म्हणालात, आणि दोन दिवस घरात कुकरच्या शिट्ट्यांशिवाय आवाज नाही. तिसऱ्या दिवशी तोच मुलगा गच्चीत धुडगूस घालत होता, तर त्याच सासूबाई हसत म्हणाल्या, "कानात वारं शिरलंय बघ ह्याच्या." म्हणून तुम्ही विचारताय : मराठीत वारा चांगला की वाईट, आणि ऐकल्या ऐकल्या ओळखायचं कसं? शिवाय 'वाऱ्यावर'च्या जागी 'हवेवर सोडलं' म्हटलं तर चालतं का?

पुण्यात मी बावीस वर्षं मोठ्या माणसांना मराठी शिकवतेय. बदली होऊन आलेले बँकवाले, परप्रांतातून आलेल्या सुना, तुमच्यासारखी घरची पण बाहेर वाढलेली मंडळी. ह्या सगळ्यांचा घोळ एकाच जागी होतो. ते 'वारा' ह्या शब्दाकडे बघत बसतात आणि त्याच्या शेपटीकडे दुर्लक्ष करतात. वाऱ्यावर, वाऱ्याला, वाऱ्याशी, वाऱ्याची, आणि नुसतं वारं. अर्थ त्या शेपटीत आहे. वारा बिचारा सगळीकडे तोच. माणूस त्याच्या कुठे उभा आहे, आणि त्याला तिथे कोणी उभं केलं, एवढंच बघायचं.

'वाऱ्यावर'पासून सुरुवात करू, कारण तुमचं घर तिथेच पेटलंय.

सोलापूरकडे मामाच्या गावी लहानपणी मी ज्वारीचं उपणणं पाहिलंय. आता यंत्रं आली, तेव्हा मळणी झाल्यावर वाऱ्याची वाट बघायची. मामा तिवईवर चढायचे, आम्ही खालून पाट्या भरून द्यायचो. पाटी डोक्याच्या वर धरायची आणि हळूहळू कलती करायची. दाणा सरळ मामांच्या पायाशी पडायचा, भूस चार हात लांब, आणि फोलपट पार बांधापलीकडे. वारं पडलं की काम ठप्प, सगळे बाभळीखाली बसून राहायचे. मी वर्गात हे चित्र फळ्यावर काढते. 'वाऱ्यावर सोडणे' हा वाक्प्रचार खळ्यातूनच आला असा माझा दावा नाही, ही फक्त शिकवण्याची युक्ती आहे. पण ती लागू पडते. जे वाऱ्यावर गेलं त्याच्या खाली कोणी हात धरलेला नाही. जाईल तिकडे जाईल.

ह्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची. 'सोडलं' म्हटलं की सोडणारा आला, आणि सोडणारा म्हणजे ज्याने धरून ठेवायला हवं होतं तो. म्हणूनच वर्तमानपत्रात हा शब्द धरणग्रस्तांबद्दल येतो, गिरणी कामगारांबद्दल येतो, अनुदानाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल येतो. जबाबदारी ज्याची, त्याने हात काढून घेतला. शेजारचे काका निवृत्त होऊन एकटे राहतात, तर त्यांना 'वाऱ्यावर सोडलंय' असं कोणी म्हणत नाही. त्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि फोनही करत नाहीत हे कळलं की लगेच म्हणतात. तेव्हा सासूबाईंचं वाक्य मुलाबद्दल वाटलं तरी होतं तुमच्याबद्दल. आणि त्यावर तुम्ही "मुद्दामच" म्हणालात! दोन दिवसांवर निभावलं म्हणजे बाई समंजस असणार.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून माझीच एक फजिती सांगते. शिकवायला लागण्याआधी मी जाहिरातींचं भाषांतर करायचे. एका सहल कंपनीच्या पत्रकात मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, 'दोन दिवस घर वाऱ्यावर सोडा आणि कोकणात या!' मला म्हणायचं होतं, घराच्या कटकटी विसरा. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ते वाक्य लाल पेनाने गोल केलं आणि समासात लिहिलं : 'प्रत चोरांनाही पाठवावी काय?' तो कागद मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

तुमच्या मनात जो अर्थ होता त्याला मराठीत 'मोकळं' हा शब्द आहे. मुलाला मोकळं सोडलंय, गुरं मोकळी सोडली, केस मोकळे सोडले. मोकळं सोडण्यात दोरी काढलेली असते, पण डोळा असतो. वाऱ्यावर सोडण्यात डोळाही नसतो.

आता कानातलं वारं. इथे एक बारीक गोष्ट झाली आहे, ती तुमच्या कानाला जाणवली असेल. 'वारा' नव्हे, 'वारं'. पुल्लिंगाचं नपुंसकलिंग झालं. पुस्तकी मराठीत वारा वाहतो, गावाकडे वारं सुटतं. शरीरात, कानात, अंगात शिरणारा जो असतो तो बोलताना बहुतेक वेळा 'वारं' असतो, आणि मथळ्यांमध्ये फिरणारे असतात ते 'वारे' : निवडणुकीचे वारे, बदलाचे वारे, संपाचे वारे. हा काही पाणिनीचा नियम नाही, 'कानात वारा शिरलेलं वासरू' म्हणणारेही आहेत. पण ढोबळमानाने धरून चाला. वारा म्हणजे बाहेरचा, वारं म्हणजे आत शिरलेलं किंवा घरगुती, वारे म्हणजे सार्वजनिक.

कानात वारं शिरतं ते मुळात वासराच्या. दूध पिऊन झालेलं, पोट भरलेलं वासरू संध्याकाळी एकाएकी कान टवकारतं, शेपटी वर करतं आणि अंगणभर उधळतं. कारण काही नसतं. गोठ्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे दृश्य ओळखीचं आहे, आणि त्यात राग नसतो, असलाच तर दावं सोडवून पळालं ह्याचा. 'वारं प्यालेलं वासरू' हे त्याचंच भावंड, फक्त जरा मोठ्या वयाच्या पोरांसाठी, आणि त्यात किंचित काळजी मिसळलेली. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल आत्याने हे म्हटलं तर त्याची छटा वेगळी. मुलगा सहा वर्षांचा, गच्चीत, आजी हसतेय. तुमच्या बाबतीत ते निखळ लाडाचं आहे. शिवाय बघा, ह्या वाक्यात कोणी सोडलेलं नाही, कोणी काही केलेलं नाही. वारं आपणहून शिरलं. दोषी कोणीच नाही.

ऐकताक्षणी ओळखण्याची माझी पहिली चाचणी हीच : वाक्यात करणारा कोण आहे? वाऱ्याने आपणहून काही केलं असेल तर वाक्य बहुधा सौम्य. माणसाने वाऱ्याला किंवा वाऱ्यावर काही केलं असेल तर कान टवकारा. आणि वर 'बहुधा' म्हटलं ते उगाच नाही, कारण पुढचा प्रकार ह्या चाचणीत नीट बसत नाही.

'अंगात वारं येणं.' तुमच्या सासूबाई कोल्हापूरच्या, म्हणून मुद्दाम सांगते. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला कधी गेलात तर पाहाल : सासनकाठ्या नाचतायत, गुलालाने जमीन-माणसं सगळी एका रंगाची झालीत, आणि गर्दीत एखादी बाई घुमायला लागते. आजूबाजूचे हात जोडतात, म्हणतात, "वारं आलं." तो देवाचा संचार मानतात. तुमचा-माझा विश्वास असो नसो, तिथे तो शब्द आदराचा आहे. पुण्या-मुंबईत 'अंगात आलंय का तुझ्या?' हे सरळ खेकसणं आहे. एका विद्यार्थ्याने हे शहरातलं वाक्य सासुरवाडीला, देवीच्या जागराच्या रात्री, नाचणाऱ्या मेहुण्याला उद्देशून टाकलं होतं. पुढचं मला त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या तासाला त्याने फक्त ह्याच विषयावर प्रश्न विचारले. तर हे गाव, घर आणि प्रसंगावर अवलंबून आहे. खात्री नसेल तर 'वारं येणं' ऐका, वापरू नका.

'वाऱ्याला'वर येऊ. "त्याच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहू नकोस" हे प्रत्येक मराठी आईने एकदा तरी म्हटलेलं असतं. त्या माणसावरून येणारा वाराही अंगाला लागू नये, इतकं लांब राहा. ह्याच्या जोडीला 'वारा लागणे' : पोराला शहराचा वारा लागला, कॉलेजचा वारा लागला. म्हणजे वारा इथे संसर्ग वाहून आणतो. मला स्वतःला ह्या वाक्प्रचारात जुन्या सोवळ्याओवळ्याचा वास येतो, म्हणून मी तो शिकवते पण वापरत नाही. तुम्ही तुमचं ठरवा. एवढं मात्र लक्षात ठेवा की हे नेहमी तिसऱ्या माणसाबद्दल असतं, आणि तो माणूस खोलीत नसताना बोलायचं असतं.

'वाऱ्याशी भांडणे' हे सोपं. जिला भांडायला माणूस लागत नाही अशी. प्रत्येक सोसायटीत एक असते, बहुतेक वेळा पार्किंगच्या संदर्भात.

'वाऱ्याची मोट बांधणे' ह्यात मात्र माझे निम्मे विद्यार्थी विहिरीत पडतात. मोट म्हणजे बैलांनी ओढायची पाण्याची कातडी मोट, हे त्यांनी शाळेत वाचलेलं असतं. इथे ती मोट नाही. इथे मोट म्हणजे गाठोडं. वाऱ्याचं गाठोडं बांधायला जाणं, म्हणजे न होणारी गोष्ट करायला जाणं. राजकारणाच्या बातम्यांत 'विरोधकांची मोट बांधली' म्हणतात तेही गाठोडंच, आणि ते कधी सुटेल सांगता येत नाही म्हणून तो शब्द तिथे इतका शोभतो. वारा आवरत नाही ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात, 34 व्या श्लोकात, अर्जुन म्हणतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं अवघड. ज्ञानेश्वरांनी तिथे माकडाला समाधी लागेल का असं विचारून त्या अर्जुनाला अस्सल मराठी करून टाकलंय.

राहिली पाठ. 'वारा वाहील तशी पाठ द्यावी.' पावसात माळावर गुरं बघा, सगळी वाऱ्याकडे पाठ करून उभी असतात. तेवढंच शहाणपण. पण ही म्हण कोण कोणाला म्हणतंय त्यावर ती उलटते. आईने नव्या नोकरीवर निघालेल्या लेकाला म्हटली तर सल्ला. पक्ष बदललेल्या पुढाऱ्याबद्दल म्हटली तर शिवी. शब्द तेच, अक्षरही बदललेलं नाही. इथे कुठलीही शेपटी तुम्हाला मदत करणार नाही, बोलणाऱ्याचा चेहराच बघावा लागेल.

आता तुमचा उपप्रश्न. 'हवेवर सोडलं' चालणार नाही. हवा आणि वारा एकच असं भूगोल म्हणतो, मराठी म्हणत नाही. हवा हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याने स्वतःचा वेगळा संसार मांडला. मी वर्गात सांगते : वाऱ्याला दिशा असते, हवेला दाब असतो. हवामान खाते 'ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने वारे' सांगतं, हवेचा असा वेग कोणी सांगत नाही. उलट सायकलच्या ट्यूबमध्ये हवाच भरतात, वारा नाही. आणि हवेचे बरेचसे वाक्प्रचार त्या पंक्चरवाल्याच्या दुकानातूनच आल्यासारखे वाटतात : डोक्यात हवा जाणे, एखाद्याची हवा काढणे, हवा गुल होणे, मुंबईकडे हवा टाईट होणे. भरते, फुगते, सुटते. 'सध्या त्याची हवा आहे' म्हणतो तेव्हा ती उद्या नसेल हे गृहीतच असतं.

'कानात वारं' आणि 'डोक्यात हवा' ही जोडी शेजारी ठेवून बघा. दोन्ही डोक्याच्या आसपासच्या, पण एकीत उनाडपणा, दुसरीत माज. कानातलं वारं संध्याकाळपर्यंत आपोआप निघून जातं. डोक्यातली हवा कोणीतरी काढावी लागते, आणि काढणाऱ्यांची रांग लागलेली असते. सासूबाई उद्या मुलाबद्दल 'डोक्यात हवा गेलीय' म्हणाल्या तर मात्र हसू नका.

हवेची एक सभ्य शाखाही आहे : हवा खायला जाणे, हवापालट करणे. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात लोक मिरजेला, पाचगणीला हवापालटासाठी जायचे. तिथे हवा म्हणजे त्या जागेचा गुण. 'तुरुंगाची हवा खाऊन आला' हा त्याच शब्दाचा टवाळ उपयोग.

वात हा तिसरा, त्यावर फार वेळ घालवत नाही. तो वैद्याच्या घरातून आला. वात झालेला माणूस भ्रमात बडबडतो, म्हणून 'वात आणलाय ह्या पोराने' म्हणजे डोकं फिरवलंय. वाताहत ह्या शब्दात वारा आहे हे मात्र शिकलेल्यांच्याही लक्षात येत नाही : वात अधिक आहत, वाऱ्याने झोडपलेलं. संसाराची वाताहत झाली म्हणताना आपण नकळत वादळानंतरचं घर दाखवत असतो.

आणि काही शब्द फसवतात, त्यांच्या मागे लागू नका. दिव्याची वात ही वाऱ्याची नातेवाईक नाही, ती संस्कृत 'वर्ति'पासून आली. हवालदिल मध्येही हवा नाही, तिथे मुळात 'हौल' म्हणजे भीती. वारकऱ्याची वारी वेगळी, वारंवार वेगळं. आणि "मला चहा हवा" मधला हवा तर चक्क वेगळा शब्द आहे, तो 'हवी, हवं' असा बदलतो. तुमच्या मुलाला "हवा हवी" असं एक वाक्य म्हणून दाखवा, त्याला मजा वाटेल. वावड्या मात्र वाऱ्याच्याच. वावडी म्हणजे पतंग, आणि अफवा तशाच उडतात, दोरी कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही.

लिहिताना 'वार्यावर' लिहू नका, 'वाऱ्यावर' लिहा. तुमच्या प्रश्नात तीन ठिकाणी रफार आला होता. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या, इतका फरक त्या एका खुणेने पडतो. मोबाईलच्या कळफलकावर ते अक्षर शोधावं लागतं, पण असतं.

हेही कबूल करते की मी सांगितलेलं सगळं माझ्या कानाला, म्हणजे पुणे-सोलापूरच्या कानाला, पटणारं आहे. नागपूरच्या किंवा मालवणच्या बाईला एखादी छटा वेगळी लागेल. मालवणला तर वाऱ्याचं बोलणं होडीवरून सुरू होतं, खारे वारे आणि मतलई वारे तिथे मुलंसुद्धा ओळखतात. माझ्याकडे खळं आणि गोठा होता, म्हणून मी तिथून समजावलं. तरुण मुलं आता 'वारं प्यालेलं' म्हणत नाहीत, 'सुटलाय' म्हणतात. त्यातही वारंच आहे, फक्त शब्द गळलाय.

सासूबाईंशी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्हाला तेच हवंय असं मला वाटतं. माफीनामा वगैरे नको. चहा पिताना सहज म्हणा, "आई, त्या दिवशी मला वाऱ्यावरचा अर्थच कळला नव्हता. मी त्याला मोकळं सोडलंय, पण लक्ष आहे माझं." 'लक्ष आहे' हे दोन शब्द गाळू नका, त्यांना तेच ऐकायचं होतं. त्या बहुतेक हसतील आणि पुढचा महिनाभर तुमचा "मुद्दामच" सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगतील. ते सोसा.

आणि गच्चीचा कठडा मुलाच्या खांद्यापेक्षा खाली असेल, तर त्या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे.